चावडीवरचा फळा

“या गावाचे मालक कोण?” खरमाटे सरांनी विचारलं.

“सरपंच!” चौथीचा अख्खा वर्ग ओरडला.

“चूक.”

“पाटील,” सुजाता म्हणाली. ती पाटलांचीच पोर, त्यामुळं तिला शंका असण्याचं कारण नव्हतं.

“तेही चूक. या गावाचे मालक तुम्ही.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. एकाच्या नाकाला शेंबूड, दुसऱ्याच्या चड्डीला मागं ठिगळ, माझ्या झग्याला एकच बटण. असले मालक बघून हसू येणारच. वर्ग खिदळला, पण सर हसले नाहीत. डी.एड. होऊन पहिल्याच नेमणुकीवर ते आमच्या करवंडीला आले होते आणि प्रत्येक गोष्ट मनापासून करायचे. आजवर इतक्या मनापासून गावाचं वाटोळं करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

“मालक काय करतो?” ते म्हणाले. “आपल्या वस्तूकडं लक्ष ठेवतो. काय मोडलंय, काय गळतंय, कुठं घाण साचलीय. बघतो आणि लिहितो. उद्यापासून तुम्ही गावात फिरायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि चावडीच्या भिंतीवर लिहायचं. ज्याला लिहिता येतं आणि तरी जो गप्प बसतो, तो नागरिक नव्हे.”

चावडी शाळेला लागूनच होती. सरांनी स्वतःच्या खिशातून काळा रंग आणला आणि चावडीच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा फळा रंगवला. पहिली ओळ लिहायला त्यांनी मला बोलावलं, कारण वर्गात माझं अक्षर पहिलं होतं. ‘मारुतीच्या देवळाजवळची तोटी गळते. पाणी वाया जाते.’ खाली माझं नाव : रेणुका हणमंता धोत्रे.

दुसऱ्या दिवशी नवी तोटी बसली.

तोवर माझ्या आयुष्यात मी सांगितलेली एकही गोष्ट कुणी मनावर घेतली नव्हती. घरात मी धाकटी आणि शाळेत वडाराची. आमची सात घरं गावाबाहेर, ओढ्यापलीकडं गायरानावर होती. आई-बाप दगड फोडायचे, विहिरी नि खड्डे खणायचे. गावाला आमची आठवण यायची ती काहीतरी खणायचं असलं म्हणजे. आणि इथं मी एक ओळ लिहिते काय आणि पंचायतीचा माणूस पाना घेऊन धावत येतो काय! मी त्या तोटीवर दिवसभरात पाचदा पाणी प्यायले.

संध्याकाळी आई कामावरून परतताना चावडीशी थांबली. डोक्यावर पाटी, पाटीत टिकाव आणि खोरं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिनं फळ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ह्यातलं तुजं कंचं?”

“वरचं. ते मोठं.”

“वाच की, काय लिवलंय.”

मी वाचलं. तिनं परत वाचायला लावलं. मग पारावर बसलेल्या म्हातारीला ती म्हणाली, “माज्या लेकीनं लिवलं आन तोटी बसली बगा.” म्हातारीनं पान चघळत नुसतं हं केलं, पण आईला तेवढं पुष्कळ झालं. त्यानंतर माझी लिहायची पाळी असली की ती न चुकता यायची. कामावरून घरी जायच्या वाटेत चावडी लागत नव्हती, ती गावातून वळसा घालून यायची. मी वाचायचे आणि ती ऐकायची. कधी कधी ऐकता ऐकता तिचे ओठ हलायचे, घरी जाऊन बाबाला सांगायचं म्हणून ती पाठ करत असायची.

दिवाळीनंतर गावात स्वच्छ गाव स्पर्धेचं वारं शिरलं. जिल्ह्याची समिती येणार, बक्षीस मिळणार, पेपरात फोटो येणार. सरपंच आबासाहेब एरवी शाळेकडं फिरकत नसत, ते स्वतः वर्गात आले आणि सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मास्तर, तुमचा फळा लई कामाचा हाय. त्यो जरा आमच्याबी कामाला लावा.”

सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी फळ्याचे उभी रेघ मारून दोन भाग केले. डावीकडं लिहिलं ‘गावाची शान’, उजवीकडं ‘गावाची लाज’. ज्यांनी संडास बांधला त्यांची नावं शानमध्ये. जे अजून टमरेल घेऊन बाहेर जातात त्यांची लाजमध्ये. पोरांचं पथक पहाटे निघायचं, नावं चिठ्ठीवर टिपायचं आणि शाळा भरायच्या आधी ज्याची पाळी असेल त्यानं ती फळ्यावर उतरवायची.

आठवडाभर पोरांना त्याचं वेडच लागलं. स्वतःच्या काकाला पकडून दिल्याबद्दल म्हाद्याचं सरांनी वर्गापुढं कौतुक केलं. काकानं म्हाद्याला घरी झोडपलं, त्याबद्दल सरांनी परत कौतुक केलं.

मग एका सकाळी म्हाद्यानं चिठ्ठीवर सरपंचांच्या भावाचं, तात्यांचं नाव आणलं. लाजमध्ये ते ठळक अक्षरात चढलं. दुपारच्या आत कोतवालानं ओलं पोतं फिरवून ते पुसलं आणि पाठोपाठ आबासाहेब वर्गाच्या दारात उभे राहिले.

“मास्तर, पोरांचे डोळे तपासून घ्या. धुक्यात मानूस वळकू येत न्हाई.”

“मी जवळनं बघितलं की,” म्हाद्या म्हणाला.

“म्हादू, खाली बस,” सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला : पूर्ण खात्री असल्याशिवाय नाव लिहायचं नाही. पोरं काही मूर्ख नव्हती. त्यानंतर खात्री व्हायला लागली ती फक्त मळ्यातल्या गड्यांची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा म्हाताऱ्यांची.

आमच्या सात घरांकडं मात्र पथक कधी आलं नाही. आम्ही ओढ्यापलीकडचे. गावाच्या लाजेतसुद्धा आम्ही मोजले जात नव्हतो.

गंमत अशी, की गावातल्या निम्म्या संडासांचे खड्डे माझ्या आई-बाबांनी खणले होते. दिवसभर ते दुसऱ्यांचे खड्डे खणायचे आणि पहाटे आई अंधारात ओढ्याकाठी जायची. दिवस उजाडायच्या आत परत यायचं म्हणून ती रात्री पाणी प्यायची नाही. बाबा अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडं, भाऊसाहेबांकडं गेले होते. भाऊसाहेब म्हणाले, “गायरानातली घरं कागदावर नाहीत हणमंता. जे घर कागदावर नाही त्याला संडास कसा देऊ?” मग बाबांनी स्वतःच घरामागं खड्डा खणायला घेतला. कमरेइतका झाला असेल, तोवर कोतवाल आला. गायरानात खड्डा काढणं म्हणजे अतिक्रमण. बाबांनी तो खड्डा ज्या हातांनी काढला त्याच हातांनी बुजवला आणि कोतवाल शेवटची पाटी पडेपर्यंत बिडी ओढत उभा राहिला.

मी हे सगळं बघितलं होतं आणि मी नागरिक होते. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. तोटीचं लिहिलं, तोटी बसली. रस्त्यावरच्या दिव्याचं लिहिलं, दिवा लागला. मग संडासाचं लिहायला काय हरकत आहे?

माझी पाळी आली त्या सकाळी मी रेघेच्या मधोमध, शान नि लाज दोन्हींवरून जाईल अशी मोठी ओळ लिहिली. ‘गायरानातील सात घरांना संडास नाही. त्यांनी कुठे जावे? ग्रामपंचायतीने सांगावे.’ खाली नाव.

सर आले, त्यांनी वाचलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शाब्बास रेणुका. मी शिकवलेलं एकीला तरी कळलं.”

आईला मी ते संध्याकाळी वाचून दाखवलं. ती या वेळी पारावरच्या कुणाला काही म्हणाली नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “देतील?”

“तोटी एका दिवसात बसली होती.”

“संडास म्हंजे तोटी न्हवं बाई,” ती म्हणाली. पण घरी जाताना तिची चाल वेगळी होती. रात्री तिनं बाबांना जागा दाखवली. इथं दार, इथं उतार, पाणी असं जाईल. तिला संडास कुठं हवा ते ठरवायची घाई झाली होती. मला वाटलं, आता आईला पहाटे कुणापासून लपावं लागणार नाही आणि ते माझ्या एका ओळीनं झालं असेल. मला दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले. सर त्यांना व्हरांड्यात भेटले. मी दारालगतच्या बाकावर होते.

“मास्तर, सोमवारी समिती यायची हाय. ती पैली चावडीवर येनार. हे वाचनार?”

“पण खरं आहे ते, आबा.”

“खरं हाय म्हनूनच पुसा. आन खरंच लिवायचं तर समदंच लिवा. गायरानातल्या बाया रोज वड्याला बसत्यात, ते खरं न्हवं? तुमचे नागरिक गावातल्या म्हाताऱ्यांची नावं लिवत्यात, मग ह्यांची का न्हाईत? का तुमच्या लाडक्या पोरीची आई म्हनून सूट हाय?”

आबासाहेबांना नेमकं कुठं बोट ठेवायचं ते कळत होतं. त्यांनी सरांना बदलीची भीती घातली असती तर सर कदाचित ताठ उभे राहिले असते. पण पक्षपाती म्हटलेलं त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

पुढच्या पहाटे पथक ओढ्यापलीकडं गेलं. शिट्ट्या नाहीत, आरडाओरडा नाही. पोरं बाभळीआड बसली, बघितलं आणि परत आली. आईला त्याचा पत्ताही लागला नाही.

मी शाळेत पोचले तेव्हा माझी ओळ पुसलेली होती. सर फळ्यापाशी उभे होते, शेजारी सुजाता आणि म्हाद्या. म्हाद्या माझ्याकडं बघत नव्हता. सरांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली.

“आज तू लिही.”

चिठ्ठीवर एकच नाव होतं. पथकानं बघितलेल्या बाकीच्या बायांची नावं पोरांना माहीत नव्हती. माझ्या आईचं होतं, कारण ती नेहमी माझ्यासाठी चावडीवर यायची.

“सर, ही माझी आई आहे.”

“म्हणूनच तू लिहायचंस.” त्यांचा आवाज मऊ होता. “म्हाद्यानं त्याच्या काकाचं लिहिलं की नाही? नागरिकाला आपला-परका नसतो.”

“पण आमच्याकडं संडास नाही सर. मी लिहिलं होतं. तुम्ही शाब्बास म्हणालात.”

“ते वेगळं. ती मागणी होती, ही नोंद आहे. दोन्ही करायचं असतं. तुला आज समजणार नाही, मोठी झाल्यावर माझे आभार मानशील.”

मी मोठी झाले. आभार अजून मानायचे आहेत.

मी खडू खाली ठेवला. सरांचा चेहरा उतरला, त्यांना खरोखरच वाईट वाटलं. “सुजाता, तू लिही,” ते म्हणाले. सुजातानं माझं अक्षर बघून बघूनच स्वतःचं अक्षर सुधारलं होतं. तिनं लाजच्या बाजूला, मी लिहिलं असतं तितक्याच सुबक अक्षरात लिहून काढलं. मग सर मला म्हणाले, “आणि तू जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळ्याशेजारी उभी राहा. नागरिकानं अवघड काम टाळलं की काय होतं, ते गावाला दिसू दे.”

मी उभी राहिले. समोर पार. पारावर तात्या, तेच धुक्यात ओळखू न आलेले तात्या, दोघा-तिघांबरोबर तंबाखू मळत बसले होते. येणारा-जाणारा फळा वाचायचा, मग मला बघायचा. एकच गोष्ट मनात घोळत होती : आई इथं यायला नको. आणि आई तर शंभर पावलांवर होती. शाळेच्या नव्या संडासाचा खड्डा समितीच्या आधी व्हायला हवा होता आणि तो खणायला तिलाच लावलं होतं.

दुपारी भाकरी खायला बायका खड्ड्यातून वर आल्या. आईनं मला लांबूनच बघितलं. शाळा चालू असताना मी एकटी फळ्याशेजारी ताठ उभी आहे, म्हणजे तिला वाटलं काहीतरी मान मिळालाय. ती हसतच आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले.

“आज बी तुजंच का गं? सरांनी हुबं केलंय व्हय तुला?”

मी मान हलवली.

“वाच की मग.”

पारावरची तंबाखू मळायची थांबली.

मी फळ्याकडं बघितलं आणि वाचलं, “शाळेच्या संडासाचे काम जोरात चालू आहे. कामगार बायका फार मेहनत घेत आहेत.”

आईचं तोंड उघडंच राहिलं. “आमचं? आमचं लिवलंय?” ती मागं वळून ओरडली, “ए सोने, ए भागे, या गं हिकडं! आपल्या कामाचं लिवलंय फळ्यावर!”

त्या दोघी हातातली भाकरी तशीच घेऊन आल्या. तिघी फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना परत तेच वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मला ते खरंच तिथं लिहिलेलं दिसायला लागलं होतं.

“आगं यल्लूबाई,” पारावरून तात्या म्हणाले, “तुजं तर नाव बी हाय त्यात. पोरीनं नाव न्हाई वाचलं?”

आईनं माझ्याकडं बघितलं. “माजं नाव?”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

“कुटं?”

मी दाखवलं. तिनं मातीचं बोट पदराला पुसलं आणि त्या नावावर ठेवलं. तिनं तिचं नाव लिहिलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रेशन कार्डावर होतं, पण तिथं ते कुठं असतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. मला दाखवायचं सुचलं नव्हतं.

“आन ह्ये फुडचं?”

“बाबांचं नाव. मग आडनाव.”

तिनं झटकन पदर डोक्यावर घेतला, नवऱ्याचं नाव आहे म्हणून. सोनाबाई हसली, भागाबाईनं तिला कोपर मारलं. आईनं बोट हळूहळू एकेका अक्षरावरून पुढं नेलं. पारावर आता हसू आवरेनासं झालं होतं. एकजण तोंडात पंचा कोंबून बसला होता. आईला वाटलं, ते कौतुकानं हसतायत. ती पण हसली.

“खरमाटे सर!” तात्यांनी हाक मारली. “आवो, तुमची पोरगी खोटं वाचायला लागली की. असलंच शिकवता व्हय?”

सर व्हरांड्यात आले. त्यांनी आईकडं बघितलं, तिचं बोट बघितलं, मग मला बघितलं. त्यांना सगळं कळलं. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, नको सर, नको. आणि एक क्षण मला वाटलं, ते आत जातील. माणूस चांगला होता तो. नुसतं आत गेले असते तरी चाललं असतं.

“रेणुका,” ते म्हणाले, “फळ्यावर आहे तेच वाचायचं.”

“सर…”

“वाच.”

मी वाचलं. “गावाची लाज. आज पहाटे ओढ्याकाठी उघड्यावर बसताना आढळलेली व्यक्ती : यल्लूबाई हणमंता धोत्रे.”

आईचं बोट अजून आडनावावर होतं. ती माझ्याकडं बघत राहिली, मी पुढं अजून काहीतरी वाचीन आणि हे सगळं मिटेल अशा नजरेनं. पुढं काही नव्हतं. मग पारावर जो हशा फुटला तो मी आजतागायत विसरलेले नाही. तात्यांना तर ठसका लागला, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

आईनं बोट उचललं. त्याला लागलेला खडू पदराच्या टोकानं पुसला. सोनाबाई आणि भागाबाई केव्हाच मागं सरकल्या होत्या. आई त्यांच्यामधून चालत गेली आणि खड्ड्यात उतरली. भाकरी खाल्ली नाही. खड्डा तिच्या डोक्याच्या वर खोल गेला होता, त्यामुळं ती दिसत नव्हती. नुसती माती वर येत होती, पाटीमागून पाटी, शाळा सुटेपर्यंत.

रात्री बाबा उशिरा यायचे होते. ती चुलीपाशी बसली होती. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, ती बोली इथं कुणाला कळायची नाही म्हणून तिचं बोलणं मराठीतच सांगते.

“ते तू लिहिलंस?” तिनं विचारलं.

“नाही गं. मी खडू खाली ठेवला. म्हणून तर मला उभं केलं.”

“मला ठाऊक होतं, तू लिहिणार नाहीस.”

मला हायसं वाटलं. मी जवळ सरकले. ती सरकली नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

“लिहिणाऱ्यानं लिहिलं,” ती म्हणाली. “मी बसले होते, ते खरंच आहे. त्यात काय? पण तू काय वाचलंस?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून…”

“मी बायकांना हाका मारून बोलावलं. नावावरनं हात फिरवला. हसले त्यांच्याकडं बघून. तू शेजारी उभी राहून बघत होतीस. हळूच कानात सांगितलं असतंस, आई, तुझं नाव लावलंय, जा, तर मी खाली मान घालून गेले असते. रोज जातेच की.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“आजवर तू वाचलंस ते तरी खरं होतं का? ती तोटी? तो दिवा?”

“खरं होतं आई! सगळं खरं होतं. शपथ!”

तिनं भाकरी ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली. मी रडले, पाया पडले, देवाची शपथ घेतली. तिनं मला जेवायला वाढलं. रागावली नाही, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी समिती आली. फळ्याच्या डाव्या बाजूला त्या दिवशी सरांनी स्वतः लिहिलं होतं, उजवी बाजू रंगवून टाकली होती. समितीच्या साहेबांनी फळ्यापुढं आम्हा पोरांचा फोटो काढून घेतला. एवढ्याएवढ्या लेकरांनी लेखणीनं गाव सुधारलं म्हणून भाषण केलं. करवंडीला बक्षीस मिळालं, सरांना तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला. गायरानातल्या सात घरांना काही मिळालं नाही. आई पुन्हा कधी चावडीवरून आली नाही. माझी पाळी असायची तेव्हासुद्धा.

मी शिकले, आईनंच शिकवलं. खड्डे खणून शिकवलं, एकदाही शाळा सोड म्हणाली नाही. पण त्या दिवसानंतर तिनं मला काही वाचायला सांगितलं नाही. घरात रेशनची पावती आली तर ती दुकानदाराकडून वाचून घ्यायची. एसटीची पाटी मी शेजारी असताना तिसऱ्याच माणसाला विचारायची. मला ग्रामसेवकाची नोकरी लागली. आता ग्रामसभेत इतिवृत्त मी वाचते आणि मी वाचलेल्यावर अख्खं गाव डोळे मिटून सह्या-अंगठे करतं. नोकरीचा कागद मी आईला दाखवला, तेव्हा तिनं तो घडी करून पदराखाली घेतला आणि पोस्टमन आल्यावर त्याच्याकडून वाचून घेतला. हे मला पोस्टमननंच सांगितलं. त्याला गंमत वाटली होती.

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली. आठ दिवस ती छताच्या पंख्याकडं बघत पडून राहायची. रिपोर्ट आला त्या दिवशी मी डॉक्टरांच्या मागं लागून खाली मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या आणि जवळजवळ पळतच वॉर्डात आले.

“आई, ऐक. ‘गाठ साधी आहे. कर्करोग नाही. काळजीचे कारण नाही.’ काही नाही झालेलं तुला!”

“बरं,” ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि शेजारच्या खाटेवर चष्मा लावून बसलेल्या बाईंपुढं धरला.

“ताई, एवढं वाचता का जरा? काय लिवलंय?”

बाई गोंधळल्या. “अहो, तुमच्या मुलीनं आत्ताच तर वाचलं.”

“तुमी वाचा.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी वाचलं. त्याच दोन ओळी, तेच शब्द, माझ्यापेक्षा हळू.

“त्याच्या खाली काय हाय?”

“डॉक्टरांची सही.”

“अजून काय न्हाई?”

“नाही हो. एवढंच आहे. बऱ्या आहात तुम्ही.”

तेव्हा कुठं आईचा चेहरा सैल पडला. आठ दिवस धरून ठेवलेलं रडू एकदम आलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. मी खाटेच्या या बाजूला उभी होते. तिनं त्या बाजूला हात लांब करून त्या बाईंचा हात घट्ट धरला.